दुर्बिणीची वर्गणी

भारतातलं रेडिओ खगोलशास्त्र काही काळ बोटीच्या भाड्यावरून अडून राहिलं होतं. गोविंद स्वरूप तेव्हा पंचविशीच्या आसपासचे. १९५३ साली ते सिडनीला शिकायला गेले. तिथे पॉट्स हिलवर सूर्याचा वेध घेणाऱ्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या होत्या आणि नव्या यंत्राची आखणी सुरू झाल्यामुळे त्या लवकरच मोडीत निघणार होत्या. स्वरूप यांनी तिथले प्रमुख जोसेफ पॉझी यांना सरळ विचारलं, या आम्हाला द्याल का? पॉझी तयार झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतून के. एस. कृष्णन यांनीही होकार दिला. मग मुद्दा आला वाहतुकीचा. तबकड्या फुकट, पण त्या आणायच्या कुणाच्या पैशाने? रक्कम काहीशे पौंडांची. दिल्लीत परकीय चलनाची चणचण होती आणि सिडनीचं म्हणणं होतं की, वस्तू देतो, वर भाडंही आम्हीच भरायचं का? कागद इकडून तिकडे फिरत राहिले. स्वरूप दिल्लीत परतले, वाट पाहून कंटाळले आणि १९५६ मध्ये अमेरिकेला निघून गेले. तबकड्या आल्या त्या ते गेल्यावर. त्या तशाच पडून राहिल्या.

या गोष्टीत कुणी खलनायक नाही. कुणी विज्ञानाचा द्वेष करत नव्हतं, कुणी फाइल मुद्दाम दाबली नव्हती. सगळ्यांचा होकार होता, फक्त खिशात हात कुणी घालायचा ते ठरत नव्हतं. विज्ञानाच्या बातम्या लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि या क्षेत्रातल्या निम्म्या रडकथा याच जातीच्या असतात.

पुढचा भाग जास्त रंजक आहे. १९६१ साली अमेरिकेत बर्कलीला खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय सभा भरली होती. तिथे स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन हे चौघे भारतीय एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं की आपण सगळे मिळून भारतात परत जाऊ आणि तिथे गट उभा करू. तसं पत्र त्यांनी देशातल्या मोठ्या विज्ञान संस्थांच्या प्रमुखांना धाडलं. बाकीच्यांची उत्तरं सावध होती. होमी भाभांची मात्र जानेवारी १९६२ मध्ये तार आली. रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढायचं ठरलं आहे, सविस्तर पत्र मागाहून, एवढाच मजकूर. समिती नाही, अहवाल नाही. १९६३ मध्ये स्वरूप भाभांच्या मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. दिल्लीत पडलेल्या त्या तबकड्या त्यांनी कल्याणला आणवल्या आणि १९६५ मध्ये कल्याणच्या माळावरून त्यांनी सूर्य पाहायला सुरुवात केली. आज कल्याणच्या लोकलला लोंबकळणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

भाभांना तारेवर असा होकार देता आला, कारण त्यांनी आपल्या पैशाची सोय सतरा-अठरा वर्षं आधीच लावून ठेवली होती. तो किस्सा अनेकदा सांगितला जातो, तरी त्यातला एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या सोराब सकलातवालांना पत्र लिहिलं. मूलभूत भौतिकशास्त्राची शाळा काढायची आहे. आणखी दोनेक दशकांत अणुऊर्जेवर वीज होऊ लागेल तेव्हा देशाला तज्ज्ञ परदेशात शोधावे लागू नयेत, असा त्याचा आशय होता. तेव्हा हिरोशिमा घडायला सतरा महिने बाकी होते. देश पारतंत्र्यात होता, महायुद्ध चालू होतं, आणि बंगालमध्ये नुकतेच लाखो लोक भुकेने मेले होते. अशा वेळी कुणी विश्वकिरणांच्या संशोधनासाठी पैसे मागतो आणि विश्वस्त ते देतात, हीच मुळात नवलाची गोष्ट. सुटणारा तपशील असा की पैसा एकट्या टाटांचा नव्हता. पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक ८०,००० रुपयांचं होतं. त्यात सगळ्यात मोठा वाटा ट्रस्टचा आणि त्याखालोखाल तेव्हाच्या मुंबई सरकारचा. म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पायात पहिल्या दिवसापासून मुंबई इलाख्यातल्या करदात्याचा पैसा आहे. शेतसारा भरणाऱ्या कुणब्याला त्याचा पत्ताही नव्हता, एवढंच.

जागाही घरचीच. पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात भाभांचा जन्म झाला. तो त्यांच्या मावशीचा. त्याच बंगल्याच्या अर्ध्या भागात डिसेंबर १९४५ मध्ये संस्थेचं मुंबईतलं काम सुरू झालं. तिथून ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये गेली, आणि कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठच्या आजच्या इमारतीत पोचेपर्यंत १९६२ उजाडलं.

*

आता थोडं आमच्या घरातलं. वर्तमानपत्रात विज्ञानाचं पान म्हणजे दत्तक मूल. मी ज्या दैनिकात ते पान पाहायचे, तिथे नियम सरळ होता: जाहिरात आली की आधी विज्ञानाचं पान उडायचं, मग पुस्तक परीक्षणाचं, राशिभविष्याला मात्र कधी हात लागला नाही. शनिवारी दुपारी डमी लागलेली असायची, चौकटी आखलेल्या, मथळे दिलेले, आणि साडेचारला जाहिरात विभागातून फोन यायचा. एकदा गुरुत्वीय लहरींवरचा लेख तीन आठवडे असा लोंबकळला. शेवटी लागला तेव्हा त्याच्या शेजारी प्लॉट विक्रीची अर्धपान जाहिरात होती.

रॉकेट सुटलं की पहिलं पान मिळतं, याबद्दल तक्रार नाही. चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले आणि ते रास्तच होतं. पण देशात संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांवर रेंगाळतोय, ही बातमी आतल्या पानावर दोन परिच्छेदांत बसते. ऑगस्ट २०१७ मध्ये देशभर शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, विज्ञानासाठी ३ टक्के आणि शिक्षणासाठी १० टक्के मागत. पुण्या-मुंबईतही मोर्चे निघाले. वाहतूक कुठे खोळंबली हे त्या दिवशी विचारलं गेलं, मागणी काय होती ते कमी जणांनी विचारलं.

पीएचडी करणाऱ्या मुलामुलींचं तर विचारूच नका. कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप दरमहा २५,००० रुपये होती, ती आंदोलनं करून जानेवारी २०१९ मध्ये ३१,००० झाली आणि २०२३ मध्ये ३७,०००. आकडा वाढला तरी ती हातात पडायला कधीकधी महिने लागतात. पुण्यात एका मुलीने मला सांगितलं होतं की खोलीचं भाडं थकलंय हे ती गावी कळवत नाही, कारण गावात सगळ्यांना वाटतं ती सरकारी नोकरीला लागली. तिचं नाव छापायचं नाही या अटीवर ती बोलली. बातमी छापली नाही. डेस्कचा प्रश्न होता: नाव नाही तर बातमी कसली?

म्हणून ज्यांनी लोकांशी थेट सूत जुळवलं, मध्ये वर्तमानपत्र नको आणि मंत्रालय नको, अशा माणसांचं मला कायम कौतुक वाटत आलं. त्यात पहिलं नाव खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं.

नारळीकर सरांचा पोस्टकार्डाचा किस्सा पुण्यातल्या निम्म्या शाळांना पाठ आहे. व्याख्यान संपलं की मुलं सहीसाठी वह्या पुढे करायची. सर सही देत नसत. म्हणायचे, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि खाली सही असेलच. झालं, टपाल सुरू. पृथ्वी फिरते तर विमान जागच्या जागी थांबून का नाही पोचत, या धर्तीचे प्रश्न यायचे आणि ते खरोखरच उत्तरं लिहायचे. जगभर नाव असलेला माणूस आणि समोर पाचवी-सहावीतलं कुणीतरी! पोस्टकार्ड मुळातच टपाल खात्याला न परवडणारी वस्तू, सरकार तोटा सोसून ते विकतं. तेव्हा एका अर्थी ही विज्ञान शिकवणीसुद्धा सरकारी अनुदानावरच चालली होती म्हणायची.

यापेक्षा मला आवडतो तो त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेचा किस्सा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा ठेवली. नारळीकर तोवर देशभर माहीत झालेले, पद्मभूषण मिळालेले. आपल्या नावाने कथा धाडली तर परीक्षकांवर दडपण येणार. म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली, 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात त्यांच्या विज्ञानकथांची दखल घेतली. ही स्पर्धा भरवणारी परिषद १९६६ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर आणि देणग्यांवर चाललेली. कुणी निवृत्त अभियंता हिशेब पाहतो, कुणी प्राध्यापिका पत्रिकेची मुद्रितं तपासते.

पुण्यात रिक्षात बसून 'मुक्तांगण' म्हटलं तर रिक्षावाले काका विचारू शकतात, कुठलं? एक अनिल आणि अनिता अवचटांनी उभं केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. दुसरी विद्यापीठाच्या आवारात, नारळीकरांनीच उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातली मुलांची विज्ञान शोधिका. दोन्हींच्या पायाशी पु. ल. देशपांड्यांचा पैसा आहे. पु. ल. गेल्यावर त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानातर्फे आयुकातल्या शोधिकेच्या इमारतीसाठी देणगी दिली. त्या इमारतीला नाव दिलं गेलं 'पुलस्त्य'. सप्तर्षींमधला एक तारा, आणि नावाच्या सुरुवातीलाच 'पु' आणि 'ल'. सुनीताबाईंचा हिशेब कसा कडक असे, ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. ज्या कामावर विश्वास नाही तिथे त्यांनी दमडी दिली नसती.

हा पैसा आला कुठून, याचा विचार करावा. 'बटाट्याची चाळ' आणि 'वाऱ्यावरची वरात' यांची तिकिटं काढून शिवाजी मंदिरात आणि भरत नाट्य मंदिरात बसलेले लोक, पुस्तकं विकत घेणारे लोक. दादरच्या एखाद्या कारकुनाने पन्नास-साठ वर्षांपूर्वी चाळीवर हसण्यासाठी जे दोन-चार रुपये मोजले, त्यातून आज एखादं पोर आयुकात बसून चुंबकाशी खेळतंय. अरविंद गुप्तांनी पुढची दहा-अकरा वर्षं याच शोधिकेत काम केलं. आयआयटीतून अभियंता होऊन टेल्कोत नोकरीला लागलेला माणूस आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन बसतो, त्रिकोण का डगमगत नाही आणि चौकोन का लेचापेचा होतो ते मुलांकडूनच शोधून घेतो. सामानाचा खर्च दोन रुपये. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान शिकवता येत नाही, ही शाळांची सबब त्यांनी कायमची निकालात काढली. अर्थात शाळांनी ती सोडलेली नाही.

*

महाराष्ट्रात गणिताच्या शिकवण्यावरून राज्यभर कडाक्याचा वाद झाला तो २०१९ च्या जून महिन्यात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्यांची नावं नव्या पद्धतीने दिल्याचं उघड झालं: एकवीसऐवजी वीस एक, त्रेपन्नऐवजी पन्नास तीन. वाहिन्यांवर चर्चा रंगल्या, मोबाइलवर विनोद फिरले, विधानसभेत थेट मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरून कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, मघा ज्यांनी जगतापांची कथा उतरवून दिली त्याच. स्वतः गणितज्ञ, मुलांना गणित शिकवण्यात हयात घातलेली. त्या शांतपणे प्रत्येक वाहिनीला तेच तेच समजावून सांगत राहिल्या.

त्यांचा मुद्दा काय होता तो एकदा नीट पाहायला हवा, कारण त्या गदारोळात तो कुणी धड ऐकला नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'त्रेसष्ट' सांगा. त्याच्या कानावर आधी 'त्रे' पडतं, म्हणजे ३, मग 'सष्ट', म्हणजे ६. ते ३६ लिहितं. ही मुलाची चूक म्हणायची की कानावर पडलेल्या क्रमाची? पुढे 'एकोणऐंशी'. मूल ऐकतं ऐंशी आणि आठाने सुरुवात करतं. लिहायचे असतात सात आणि नऊ. शंभराच्या आत अशी एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करत करत मोठी पलटण आहे. वर त्रेचाळीस, अठ्ठेचाळीस, सदुसष्ट, अठ्ठ्याहत्तर यांचे उच्चार आणि जोडाक्षरं. आपण लहानपणी घोकून पाठ केलं म्हणून आपल्याला त्यात काही खटकत नाही. ज्याच्या घरी मराठी बोलली जात नाही, किंवा गोंडी, पावरी, भिली बोलली जाते, त्या मुलाचं काय? शेजारी कानडीत आणि तेलुगूत आधी दशक आणि मग एकक म्हणतात, आणि तिथली मुलं काही गणितात मागे पडलेली नाहीत. मंगलाताईंनी जुनी नावं रद्द केली नव्हती. दोन्ही पद्धती पुस्तकात होत्या. मुलाला सोपी वाटेल त्या वाटेने त्याने संख्येपर्यंत पोचावं, एवढीच अपेक्षा होती.

याच्या कितीतरी आधी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत काम केलं होतं. ते केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं तेव्हा नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या खोल्यांत होतं. मानखुर्दची प्रशस्त वास्तू पुढची. तिथल्या व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. विज्ञान मुलांच्या आवाक्याबाहेर नसतं, ती अडखळतात पुस्तकाच्या भाषेशी. वाक्यं सोपी केली की तीच मुलं तोच धडा समजून घेतात. झोपडपट्टीतल्या, दलित वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करूनही त्यांना हेच आढळलं. २०१९ चा वाद करणाऱ्यांनी हा इतिहास चाळला असता तर बरं झालं असतं.

माझं मत विचाराल तर मंगलाताई बरोबर होत्या. पण विरोध करणारे सगळे मूर्ख होते असंही मी म्हणणार नाही. आजोबांकडून पावकी, निमकी, दिडकी शिकलेल्या माणसाला आपल्या घरातलं काहीतरी कुणी न विचारता उचलून नेतंय असं वाटलं. ही भावना खोटी नव्हती. बदल पालकांना कळला तो दूरचित्रवाणीच्या पट्टीवरून. शिक्षकांना घेऊन गावोगाव पालकसभा झाल्या असत्या, एखाद्या आजीला समोर बसवून तिच्याच नातवाकडून ६३ लिहवून दाखवलं असतं, तर आडनावांच्या कोट्यांची वेळ आली नसती. मंगलाताई १७ जुलै २०२३ रोजी गेल्या, आणि सर २० मे २०२५ रोजी.

*

आता खोडद. नारायणगावच्या पूर्वेला, जुन्नर तालुक्यात. नारायणगाव म्हणजे टोमॅटोचा बाजार आणि तमाशाच्या राहुट्या. यात्रेचा हंगाम जवळ आला की गावोगावचे पंच इथे येऊन सुपारी देतात, गावात वर्गणी काढून फड ठरवतात. या आणि आसपासच्या शिवारांत, द्राक्षबागांच्या आणि कांद्याच्या वाफ्यांच्या मधोमध, ४५ मीटर व्यासाच्या ३० महाकाय अँटेना उभ्या आहेत. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, गावच्या भाषेत नुसती 'दुर्बीण'. कल्याणच्या सहा फुटी तबकड्यांपासून सुरू झालेली स्वरूप यांची वाट उटीच्या दुर्बिणीवरून इथे आली. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली.

एवढ्या मोठ्या अँटेना परदेशी पद्धतीने पत्र्याच्या किंवा जाड लोखंडाच्या केल्या असत्या तर आपल्याला परवडल्या नसत्या. स्वरूप यांच्या मंडळींनी पोलादी दोर ताणले आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारांची जाळी बसवली. भोकं एक ते दोन सेंटीमीटरची. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी २१ सेंटीमीटर आणि त्याहून जास्त, त्यामुळे त्यांच्या लेखी ही जाळी म्हणजे भरीव भिंतच. वारा मात्र आरपार जातो. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात मी उभी होते तेव्हा टोपी घातलेल्या एका मामांनी तिथल्या तरुण अभियंत्याला विचारलं, "वारं सुटलं म्हंजे हे पडत कसं नाही?" अभियंत्याने जाळी दाखवली, वारा फार वाढला की तोंड आभाळाकडे करून अँटेना उभ्या ठेवतो असंही सांगितलं. मामा म्हणाले, "म्हंजे आमच्या द्राक्षाचा मांडवच की. सगळा जीव तारेच्या ताणात." अभियंता क्षणभर गप्प झाला आणि मग मनापासून हसला. त्याहून चांगलं वर्णन मी कुठल्याच माहितीपत्रकात वाचलेलं नाही.

या दुर्बिणीची खरी कामगिरी पडद्यामागेच चालते. आकाशातून येणारी रेडिओ लहर इतकी क्षीण असते की जवळच्या विजेच्या तारेवर सैल इन्सुलेटरपाशी ठिणगी उडाली तरी तिचा आवाज त्या लहरीला गिळून टाकतो. म्हणून इथले काही लोक वाहनात उपकरणं लावून शिवारात फिरत, गोंगाट कुठून येतोय ते हुडकत आणि वीज कंपनीला कळवत. छपरावर टीव्हीच्या अँटेना होत्या त्या काळात सिग्नल वाढवणारे स्वस्तातले बूस्टर बिघडून स्वतःच प्रक्षेपण करू लागायचे. मग जीएमआरटीची माणसं त्या घरी जायची, चहा व्हायचा आणि बूस्टर बदलून दिला जायचा. दूरच्या दीर्घिकांचा अभ्यास असा घरोघरी ओसरीवर बसून झालेला आहे.

१९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री आठच्या सुमारास युरोपचं स्कियापारेल्ली यान मंगळावर उतरत होतं. त्याच्या लहानशा प्रक्षेपकाचा आवाज साडेसतरा कोटी किलोमीटरवरून ऐकण्याचं काम खोडदकडे होतं. जर्मनीतल्या नियंत्रण कक्षातले लोक खोडदहून येणाऱ्या नोंदींकडे डोळे लावून बसले होते. सिग्नल मिळाला, यान खाली येताना तो दिसत राहिला आणि उतरण्याच्या थोडं आधी नाहीसा झाला. यान आदळून फुटलं होतं. काहीतरी बिघडलंय याची पहिली चाहूल जगाला जुन्नर तालुक्यातून लागली. दुसऱ्या दिवशीच्या मराठी दैनिकांत ही बातमी शोधावी लागली असती.

आणि तरीही खोडदच्या आसपासच्या माणसाच्या मनात या दुर्बिणीबद्दल दुखणं आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रेडिओ शांतता हवी म्हणून परिसरात उद्योगांवर बंधनं आली. मग पुणे-नाशिक रेल्वेचा प्रश्न आला. जुन्नर, आंबेगाव, खेड, संगमनेरच्या लोकांनी ज्या रुळांची वर्षानुवर्षं वाट पाहिली, तो मार्ग दुर्बिणीला बाधा होईल म्हणून बदलण्याचं ठरलं, आणि नवी आखणी अहिल्यानगर-शिर्डीकडून पुढे आली. लोक चिडले, बैठका झाल्या, आंदोलनं झाली. समाजमाध्यमांवर शहरातल्या काही विज्ञानप्रेमींनी त्यांना अडाणी ठरवलं, ते मला अजिबात पटलं नाही. कांदा-टोमॅटो वेळेत पोचवण्यासाठी रेल्वे मागणारा शेतकरी विज्ञानविरोधी होत नाही. तीस वर्षं शांतता पाळून त्याने या दुर्बिणीला जी वर्गणी दिली, तिची पावती त्याला कुणी दिलेली नाही. दुर्बीण हलवता येत नाही आणि तिला जपलंच पाहिजे, हे मी ठामपणे म्हणते. पण ज्या तालुक्याने रेल्वे गमावली त्याला बदल्यात काय मिळणार, हे सरकारने आणि संस्थेने त्याच्या गावात येऊन, त्याच्या भाषेत, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितलं पाहिजे. निदान तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेला एक धड प्रयोगशाळा आणि गणिताचा पूर्णवेळ शिक्षक एवढं तरी.

संस्थेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदचं फाटक सगळ्यांसाठी उघडतं. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बसगाड्या, ट्रॅक्टर, दुचाक्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, अशी हजारो माणसं येतात. शाळकरी मुलं आपली यंत्रं मांडून बसतात, संशोधक दिवसभर घसा बसेस्तोवर उत्तरं देतात. हा दिवस ज्या शोधाचा, तो रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्याच्या ज्या संस्थेत लावला, ती डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांकडून वर्गणी गोळा करूनच उभी केली होती.

तेव्हा येत्या फेब्रुवारीत मुलांना घेऊन खोडदला एक चक्कर टाका. पुण्याहून नारायणगावपर्यंत एसटी आहे, पुढे वडाप मिळतं. फाटकाच्या अलीकडेच मोबाइल बंद करा, नुसता सायलेंटवर ठेवून चालत नाही. आणि तिथल्या संशोधकाला बिनधास्त विचारा, की बाबा, माझ्या पैशाने तू इथे नेमकं करतोस काय? त्याला उत्तर द्यावंच लागेल, आणि बहुतेक वेळा तो ते आनंदाने देतो.